आणखी एक पीळ

मिस्त्रीने बंद केलेला नळ गळत नाही, अशी त्याची आजूबाजूच्या गल्ल्यांत ख्याती होती आणि ही ख्याती लोकांपेक्षा त्यालाच जास्त पाठ होती. बाकीचे नळवाले थेंब थांबला की थांबतात. मिस्त्री नाही थांबायचा. थेंब थांबला की तो मनगटाला झटका देऊन वर आणखी एक पीळ द्यायचा आणि म्हणायचा, "हं. आता बघू कसा गळतो!" मग नळाची काय बिशाद गळायची?

आता असा हात काही कामाच्या पिशवीत पान्यांबरोबर ठेवून देता येत नाही. तो घरी येतोच. साखरेची बरणी म्हणू नका, तेलाची बाटली म्हणू नका, ज्या वस्तूला आटे आहेत तिला मिस्त्रीचा पीळ बसलाच म्हणून समजा. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्याची बायको बंद बरण्या समोर मांडून त्याच्या येण्याची वाट बघत बसायची. नंतर तिने शहाणपण केलं. सगळ्या बरण्यांची झाकणं काढून माळ्यावर टाकली आणि बरण्यांवर बश्या पालथ्या घातल्या. मिस्त्रीला वाटायचं, काय ही निष्काळजी बाई! "साखरेला मुंग्या लागतील," असं तो अधूनमधून सुनवायचा. ती "लागू देत" म्हणून पुढच्या कामाला लागायची. कित्येक संसार असेच सुखाचे होतात, दोघांपैकी एकजण एखादी गोष्ट बोलायची राहू देतो म्हणून.

घरात खरी मुंगी एकच होती, ती त्यांची मुलगी. नाव तसं भारदस्त ठेवलेलं होतं, पण ते शाळेच्या दाखल्यापुरतं. जीव एवढासा आणि हौस मात्र आपल्याहून मोठी वस्तू घरभर ओढत नेण्याची, म्हणून मुंगी. बूट स्वतः घालायची, उलटे का होईनात. फ्रॉकची बटणं स्वतः लावायची, मग एक बाजू वर आणि एक खाली. मदतीला कुणी हात पुढे केला की "मी करते!" म्हणून अशी ओरडायची की शेजारचे दार उघडून बघायचे.

ही मुंगी बालवाडीत जायला लागली. आई इस्पितळात परिचारिका, तिची सकाळची पाळी, म्हणून पोरगी उठवणं, तयार करणं, डबा भरणं आणि शाळेत पोचवणं हे सगळं मिस्त्रीकडे आलं. त्याने ते मोठ्या मानाने घेतलं. डबा त्याने स्वतः पारखून आणला. दुकानात कडीचे डबे होते, चापाचे होते, रंगीत चित्रांचे होते. "ह्यांतून रस्सा गळणार," म्हणून त्याने सगळे बाजूला सारले आणि स्टीलचा, गोल, आट्यांच्या झाकणाचा डबा घेतला. रोज सकाळी तो त्यात रस्सा-भात भरायचा, झाकण फिरवायचा आणि पुढचं तर तुम्हाला ठाऊकच आहे.

पहिल्याच आठवड्यात डबा जसाच्या तसा परत यायला लागला.

मिस्त्रीला वाटलं, रस्सा तिखट झाला असेल. त्याने तिखट कमी केलं. मग वाटलं, भात गार होत असेल. मग बायको म्हणाली, "नवी शाळा आहे, रुळेल हळूहळू." पण मुंगी रुळायच्या ऐवजी आक्रसत चालली. दुपारी घ्यायला गेलं की दाराशी गुपचूप उभी असायची. घरी आल्यावर मिस्त्री एका हाताने डबा उघडायचा, टक्! मुंगी त्याच्या हाताकडे बघायची, मग स्वतःचे हात पाठीमागे लपवायची आणि तो गार भात बापाच्या हातून अधाशासारखा खायची. तिच्या तळव्यांवर लाल वळ असायचे. झोक्याच्या साखळ्यांचे असतील, असं मिस्त्रीने ठरवून टाकलं. बापांना असं पटकन ठरवून टाकता येतं.

एका दुपारी बाईंनी त्याला दाराशी थांबवलं. बाई म्हणजे मुंगीच्या वर्गाच्या, चष्मा कपाळावर ठेवून तो शोधत फिरणाऱ्या, पण मनाने प्रेमळ.

"मुंगी अजिबात जेवत नाही हो," त्या म्हणाल्या. "डबा मांडीवर घेऊन बसते, झाकणावर दोन्ही हात ठेवून. विचारलं तर म्हणते, भूक नाही. मीही पाठ सोडून देते, बाकीचीही एवढी पोरं असतात ना. पण आता तिचं सगळ्यातच असं व्हायला लागलंय. चित्र काढ म्हटलं की मला येत नाही. घसरगुंडीवर चल म्हटलं की मला येत नाही. सोमवारपर्यंत बघू या. नाहीच रमली तर पुढच्या वर्षी आणा. लहान आहे अजून, काही बिघडत नाही."

काही बिघडत नाही! त्याचं बोट धरून मुंगी तिथेच उभी होती आणि तिने शब्दन् शब्द ऐकला होता.

कोपऱ्यापर्यंत ती बुटाने एक खडा ढकलत आली. मग म्हणाली, "बाबा, मला शाळेतून काढणार?"

"छे गं! कोण काढतंय?"

"मला काहीच येत नाही ना, म्हणून."

मिस्त्री रस्त्यातच थांबला. काल-परवापर्यंत "मी करते" म्हणून गल्ली डोक्यावर घेणारी पोर ही. त्याने तिला उचलून खांद्यावर घेतलं आणि मनाशी पक्कं केलं की आता हिला कशाचाही त्रास होऊ द्यायचा नाही. झालं! दुसऱ्या दिवसापासून बूट तो घालणार, बटणं तो लावणार, केस तो विंचरणार, घास तो भरवणार. मुंगी पाय पुढे करून नुसती बसून राहायला लागली. मिस्त्री जितकं जास्त करी तितकी ती आणखी गप्प होई, आणि ती गप्प झाली की हा आणखी करी. प्रेमाने माणूस किती वेड्यासारखा वागतो त्याला काही सुमार नाही.

शनिवारी त्याला समोरच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर राहणाऱ्या एका काकूंचा फोन आला. एकट्याच राहायच्या. दोन दिवसांपूर्वीच तो त्यांच्या स्वयंपाकघरातला गळका नळ दुरुस्त करून आला होता. नळ परत गळतोय की काय, ह्या विचाराने त्याला आधीच अपमान झाल्यासारखं वाटलं. पान्यांची पिशवी घेऊन तो तडक गेला.

नळ ठणठणीत कोरडा होता. ओट्याखाली पाण्याची बादली होती आणि नळाला एक फडकं गुंडाळलेलं होतं.

"गळत तर नाही, काकू," मिस्त्री छाती फुगवून म्हणाला.

"गळत नाही हो, मिस्त्री. उघडतच नाही." काकू ओशाळल्या. "दोन दिवस न्हाणीघरातून पाणी आणतेय. फडकं धरून बघितलं, दोन्ही हातांनी बघितलं. शेवटी म्हटलं, गेला बाई आपल्या हातांतला जोर."

"मग त्याच दिवशी फोन नाही का करायचा?"

"लाज वाटली. नळ तुम्ही नवा करून दिलेला, मग दोष माझ्याच हातांचा ना? साधा नळ उघडत नाही हे कुणाला सांगायचं?" आणि त्यांनी दोन्ही तळवे पुढे केले. तळव्यांवर लाल वळ होते.

मिस्त्री त्या तळव्यांकडे बघतच राहिला. हे वळ त्याने कुठे बघितले होते हे आठवायला त्याला वेळ लागला नाही. त्याने नळ उघडला, मग अगदी हलक्या हाताने बंद केला, काकूंकडून दोनदा उघड-बंद करून घेतला आणि म्हणाला, "काकू, तुमचे हात चांगले आहेत. माझाच हात वाईट आहे." काकूंनी चहा ठेवते म्हटलं तेव्हा तो जिन्यात पोचलाही होता.

घरी बायको कपड्यांच्या घड्या घालत होती. मुंगी कोपऱ्यात बसली होती. मिस्त्रीने डब्यात थोडं पाणी घातलं, झाकण नेहमीसारखं लावलं आणि तिच्यापुढे धरलं.

"उघडून दाखव बघू."

मुंगीचा चेहरा पडला. हात पाठीमागे गेले. "नाही उघडत," ती पुटपुटली. "सगळ्यांचे डबे उघडतात. माझ्याच हातांना येत नाही."

"आणि म्हणून तू भूक नाही म्हणतेस?"

तिने मान डोलावली आणि मग इतके दिवस दाबून ठेवलेलं सगळं रडू एकदम बाहेर आलं. मिस्त्रीला कुठे तोंड लपवावं ते कळेना. आपणच रोज भरून दिलेला डबा पुढ्यात घेऊन आपली पोर उपाशी बसत होती! वर आपणच तिला विचारत होतो, का गं जेवली नाहीस?

बायकोने घड्या बाजूला टाकल्या, डबा हातात घेतला, दातओठ खाऊन फिरवला आणि परत ठेवला. "मला तरी कुठे उघडतोय?" ती म्हणाली. "अहो, लग्न झाल्यापासून तुम्ही लावलेलं एक झाकण मला उघडलेलं नाही. ह्या बश्या काय मी हौसेने ठेवल्यात बरण्यांवर? पण हिच्या डब्याचं माझ्याही डोक्यात आलं नाही बघा. मी घरी येईपर्यंत तुम्ही तो उघडून, घासून ठेवलेला असायचा."

मिस्त्रीने बरण्यांकडे बघितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला त्या बश्या दिसल्या.

मुंगीचं रडणं मधेच थांबलं. "आईला पण नाही उघडत?"

"आईला नाही, काकूंना नाही, कुणालाच नाही," मिस्त्री म्हणाला. "तुझ्या हातांना काहीही झालेलं नाही. तुझ्या बापाला खोड आहे."

आता खोड समजली म्हणजे गेली असं थोडंच असतं? त्याच संध्याकाळी मिस्त्रीने डब्यात रस्सा भरला, झाकण नुसतं टेकवल्यासारखं लावलं, डबा दप्तरात घातला आणि मुंगीला म्हणाला, जा, गल्लीत एक फेरी मारून ये. मुंगी फेरी मारून आली तेव्हा दप्तराच्या तळातून रस्सा ठिबकत होता आणि फ्रॉकची मागची बाजू पिवळी झाली होती.

"तुमचं आपलं एक टोक नाहीतर दुसरं टोक," बायको म्हणाली. "अहो, तिलाच लावू द्या ना! ती जेवढ्या जोराने लावेल तेवढ्याच जोराने उघडेल. ह्यात तुमचं काय काम आहे?"

मिस्त्रीने दप्तर पाण्यात भिजत घातलं. इतकी साधी गोष्ट, आणि पाने-पकडी खेळण्यात हयात गेली तरी त्याच्या डोक्यात आली नव्हती.

रविवारी सकाळी तिघं जमिनीवर बसली. मधे डबा, बाजूला पाण्याची बादली. मुंगीने झाकण ठेवून फिरवलं, ते तिरकं बसलं. मिस्त्रीचे हात शिवशिवले. तो पुढे सरकला, बायकोने डोळे वटारले, तो मागे सरकला. मुंगीने परत लावलं, परत तिरकं. "मला येत नाही," ती म्हणाली आणि डबा ढकलून दिला.

"थांब," मिस्त्री म्हणाला. हात मांडीखाली दाबून, नुसत्या तोंडाने बोलायचं म्हणजे त्याला शिक्षाच होती. "नळाचे आटे बसवताना मी काय करतो माहितेय? आधी उलटं फिरवतो."

"उलटं?"

"उलटं. हळूच. कान देऊन. टक् असं ऐकू आलं की समजायचं, आटा आट्यात बसला. मग सुलटं."

मुंगीने डब्याला कान लावला आणि झाकण उलटं फिरवलं. बराच वेळ काही नाही. मग टक्! तिचे डोळे एवढाले झाले. सुलटं फिरवल्यावर झाकण सरळ, सुरेख बसत गेलं.

"आता कुठे थांबायचं?"

"ते आपणहून थांबेल तिथे," हे सांगताना मिस्त्रीला किती कष्ट पडले ते त्याचं त्यालाच माहीत.

मग डबा बादलीवर उलटा धरून हलवला. नवीन जोडणी मिस्त्री पाणी सोडून तपासायचा, अगदी तशी तपासणी. एक थेंब पडला नाही. मुंगीने डबा पोटाशी धरला, पंजा झाकणावर पसरला आणि फिरवला. उघडला! परत लावला, परत उघडला. दुपार होईपर्यंत घरात टक्-टक् सोडून दुसरा आवाज नव्हता. बुटांकडे मिस्त्रीने हात नेला तेव्हा कितीतरी दिवसांनी ती ओरडली, "मी करते!" आणि मिस्त्रीने तोंड फिरवून डोळे पुसले. शेजारचं दारही उघडलं.

"आणि नाहीच उघडला तर?" संध्याकाळी तिने विचारलं.

"तर हाक मारायची," आई म्हणाली. "इस्पितळात औषधाची बाटली अडली की आम्ही एकमेकींना हाक मारतो. त्यात लाजायचं काय? बाटली घट्ट असते, आपण नाही वाईट."

सोमवार उजाडला. मुंगीने भात भरलेल्या डब्याला कान लावून झाकण लावलं, पालथा करून तपासला, ओट्यावर ठेवला आणि बूट घालायला गेली. मिस्त्रीने डबा उचलून दप्तरात ठेवला. शाळेच्या दाराशी बाईंनी त्याच्याकडे बघून मान हलवली. आज सोमवार आहे, हे दोघांनाही न सांगता कळलं.

मिस्त्री कामावर गेला. एका इमारतीच्या गच्चीवर टाकीचा नळ बदलायचा होता. नळ बसवला, पाणी थांबलं, मनगटाने आपोआप झटका दिला आणि तोंडाने म्हटलं, "हं. आता बघू कसा गळतो!"

आणि तो जागच्या जागी थिजला. हे वाक्य आज सकाळी आपण एकदा म्हटलंय. कुठे? स्वयंपाकघरात. डबा दप्तरात ठेवताना.

पाना तिथेच टाकून तो धावत सुटला. वाटेत कुणीतरी "काय मिस्त्री, पाइप फुटला का?" म्हणून हसलं, त्याला उत्तर द्यायलाही तो थांबला नाही. शाळेच्या मागच्या बाजूने खिडकीपाशी पोचला तेव्हा त्याच्या छातीचा भाता झाला होता. आत पोरं गोल करून बसली होती. डबे उघडले होते. मुंगी मांडीवर डबा घेऊन बसली होती आणि तिचे दोन्ही हात झाकणावर होते.

मिस्त्रीने खिडकीचे गज धरले. संपलं सगळं, त्याला वाटलं. आपल्या हाताने घालवलं.

मुंगीने डबा पोटाशी धरून जोर लावला. नाही. फ्रॉकचं टोक धरून लावला. नाही. डब्याला कान लावून काहीतरी ऐकलं. मग तिने डोकं वर केलं, भुवया आक्रसल्या, आणि डबा घेऊन तरातरा बाईंकडे चालत गेली.

"बाई, डबा उघडत नाहीये," ती सगळ्या वर्गाला ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. "मी बरोबर लावला होता. माझ्या बाबाने परत पिळलाय."

बाईंनी कपाळावरचा चष्मा डोळ्यांवर घेतला. "दे बघू," म्हणून त्यांनी जोर लावला. लाल झाल्या, पण डबा ढिम्म. शाळेच्या मावशी पदर खोचून आल्या, त्याही हरल्या. पोरं डबे सोडून भोवती जमली. मुंगी मधे उभी राहून सगळ्यांना समजावून सांगत होती, "बाबा नळवाला आहे ना, म्हणून असं होतं. आईला पण उघडत नाही."

तेवढ्यात बाईंची नजर खिडकीकडे गेली. "हेच का ते?" त्या म्हणाल्या. "या आत!"

मिस्त्री आत गेला, खाली मान घालून. एवढ्याशा खुर्च्यांमधून वाट काढत तो मुंगीपुढे उकिडवा बसला आणि डबा उघडला. टक्! पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुंगीने नाही वाजवल्या.

"तू का हात लावलास?" तिने विचारलं.

"चुकलं माझं," मिस्त्री म्हणाला.

"हं," म्हणून तिने डबा घेतला, जागेवर जाऊन बसली आणि जेवायला लागली. बापाकडे परत वळूनसुद्धा बघितलं नाही. घसरगुंडीवर आधी कोण जाणार ह्यावरून शेजारणीशी तिचं भांडणही सुरू झालं होतं.

दाराशी मिस्त्री घुटमळला. "बाई, ते पुढच्या वर्षी आणायचं म्हणत होतात..."

"कुणाला? तिला की तुम्हाला?" बाई हसत म्हणाल्या. "तिला राहू द्या इथेच. तुमचं बघू, किती दिवसांत शिकताय ते."

त्या संध्याकाळी बायकोने माळ्यावरची झाकणं खाली काढली आणि घासून ओट्यावर मांडली. ती लावायचं काम मुंगीकडे गेलं.

मंगळवारी सकाळी मुंगीने डबा भरून घेतला, झाकण ठेवलं आणि बापाकडे बघून म्हणाली, "बाबा, हात मागे."

मिस्त्रीने दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि शाळेतल्या पोरासारखा भिंतीला टेकून उभा राहिला. हात शिवशिवत होते, त्याने एका हाताने दुसरा घट्ट धरून ठेवला. मुंगीने झाकणाला कान लावला, उलटं फिरवलं, टक् ऐकलं, मग सुलटं फिरवलं आणि ते थांबलं तिथे थांबली. डबा पालथा करून हलवला. एक थेंब नाही. मग तिने तो दप्तरात ठेवला, कमरेवर हात ठेवले आणि म्हणाली, "हं. आता बघू कसा गळतो!"